भागीकाकूंची गर्दी

भागीकाकूंच्या लेखी जगात दोनच जातींचे सिनेमे होते, गर्दीचे आणि बिनगर्दीचे. गर्दीचा असला की तो चांगला, मग त्यात राजा जिंको नाहीतर मरो. बिनगर्दीचा असला की त्या ओठ मुडपून म्हणायच्या, "दोघंच जणं झाडाखाली बसल्यात. ते बघाया पैसं कशाला घालवायचं? आमच्या वाडीत ये, फुकट दावते."

हल्ली आम्ही उरणला राहतो. परवा इथल्या शेजारच्या बायका लाँचने मुंबईला जाऊन बोलपट बघून आल्या. मीही त्यांच्याबरोबर गेले होते. ओटीवर बसून सगळ्यांनी आपापलं मत दिलं. कुणाला गाणी आवडली, कुणाला नायिकेच्या साड्या. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, बरा होता. खरं म्हणजे त्यात चावडीवरच्या प्रसंगात मागे उभे असलेले पाच जण मला अजून तोंडपाठ आहेत. एक कान खाजवत होता. एकाचं धोतर दुसऱ्याच्यापेक्षा नवं होतं. पण हे चारचौघींत कसं सांगायचं? मला पहिल्यापासून चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून या वहीत लिहिते. वही ट्रंकेच्या तळाशी असते.

असं बघायला मला भागीकाकूंनी शिकवलं.

मी लग्न होऊन दिवेआगरच्या अलीकडच्या गावी आले तेव्हा चौदा वर्षांची होते. माझं माहेर माणगावचं. वडिलांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं आणि सासरच्या आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच. आमची नारळ-पोफळींची लहानशी वाडी होती. वाडीच्या कुंपणाला लागून भागीकाकूंचं एका खोलीचं घर. त्या विधवा होत्या. नवरा गलबतावर होता, तो वादळात गेला. त्या आमच्याकडे आणि आजूबाजूच्या वाड्यांत सुपारी सोलायला यायच्या. उंच, काटक, बोटांची टोकं सुपारीच्या रसाने कायम तांबडी-काळी. सुपारी सोलताना त्या खाली बघायच्या नाहीत. डोळे पाणंदीकडे असायचे. पाणंदीतून कोण येतं ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसायचं.

मुंबईची आगबोट आठवड्यातून दोनदा खाडीच्या तोंडाशी थांबायची आणि पडावातून उतारू किनाऱ्यावर यायचे. गिरणीतले, गोदीतले, कुणाच्या घरी गडी म्हणून राहिलेले. भागीकाकू त्यांना पाय धुवायलाही वेळ द्यायच्या नाहीत. ट्रंक डोक्यावर असतानाच विचारायच्या, "शिनेमा बघितलास का रं? कुठचा? गर्दी किती व्हती?" आणि मग त्याला बसवून घ्यायच्या. राजा कसा होता, राणी कशी होती, हे तो सांगू लागला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "राजाचं ऱ्हावंदे. राजाच्या मागं भाला घेऊन कोण हुबा व्हता? किती जणं? त्यातला उंच कोण? मिशी व्हती?" तो बिचारा म्हणायचा, काकू, मागच्याकडं कोण बघतं? की त्यांचा चेहरा पडायचा. कधी रागावायच्या. एकदा एका गिरणीवाल्याला म्हणाल्या, "दोन आणं घालवलंस आन नुसता म्होरं बघत बसलास व्हय? डोळं हायेत का कवड्या?"

मुंबईला परत जाणाऱ्याला त्या कुठला सिनेमा बघायचा तेही सांगायच्या. त्यांना स्वतःला सिनेमांची नावं पाठ राहायची नाहीत. पण कुणी सांगितलेलं सगळं पाठ असायचं. अमक्यात लढाई आहे, तो तू बघ. तमक्यात दोनदा बाजार आहे, पहिल्या बाजारात गवळ्याजवळ कोण उभा राहतो ते नीट बघून ये. "राजाकडं बघू नको. राजा काय पळून जात न्हाय. तो शेवटापतुर हायेच. मागली माणसं बघ, ती येकदाच दिसत्यात." लोक हसायचे. पण हळूहळू गावातले पुष्कळजण खरंच तसं बघू लागले. परत आले की न विचारता सांगायचे, काकू, दरबारात बावीस जण होते, आपलं कुणी नव्हतं.

खोतांची मुलगी सुमती माहेरपणाला आली होती तेव्हाची गोष्ट. तिने नुकताच बोलपट पाहिला होता. पडद्यावरची माणसं बोलतात, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आळीतल्या सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. ती नायिकेचं रडणं आवाजासकट करून दाखवत होती, आणि करत छान होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. भागीकाकू मधेच म्हणाल्या, "गर्दी बोलती का?"

सुमतीला कळलं नाही. काकूंनी पुन्हा विचारलं. गर्दीतली माणसं बोलतात का, का बोलपटातही नुसती मुकीच उभी असतात? सुमती म्हणाली की ती सगळी एकदम ओरडतात, एकेकाचा आवाज काही ओळखू येत नाही. आणि मग जरा वैतागून म्हणाली, "काकू, त्या भाडोत्री माणसांचं काय एवढं? पैसे देऊन आणलेली असतात ती. त्यांच्याकडे कोण बघतं?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यांचीबी कुनी आई असल."

 सुमती फार आधी लग्न होऊन गेलेली, तिला ठाऊक नव्हतं, बाकी सगळ्यांना होतं.

काकूंना एकच मुलगा, दत्तू. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी तो गेला होता, म्हणून मी त्याला पाहिलं नाही. सोळा वर्षांचा होता. त्या वर्षी कापणी झालेल्या शेतात सिनेमाचा तंबू आला आणि दत्तू चार दिवस तंबूतच राहिला. यंत्रवाल्याला पाणी दे, पडदा बांधू लाग, असं करत. काकूंनी अंगणात एका वाडीवाल्याची सुपारी वाळत घातली होती आणि दत्तूला राखायला बसवून त्या कामाला गेल्या होत्या. तो तंबूकडे पळाला. अवेळी पाऊस आला. सगळी सुपारी भिजून काळी पडली. काकू घरी आल्या, तो आला, आणि त्यांनी हातातलं लोखंडी उलथनं फेकून मारलं. डावी भुवई मधोमध फाटली. काकूंनीच हळद दाबली, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तंबूच्या गाड्या निघाल्या आणि त्यांच्याबरोबर दत्तूही निघून गेला.

वर्षभराने त्याचं एक कार्ड आलं. ते मी त्यांना इतक्यांदा वाचून दाखवलं आहे की डोळे मिटून लिहू शकेन. "मी बरा आहे. मुंबईत फिल्म कंपनीत गर्दीत उभा राहतो. पडद्यावर दिसलो तर ओळख." पत्ता नव्हता. पुढे कार्ड आलं नाही.

शोधायला माणसं गेली नाहीत असं नाही. आमच्या घरच्यांनीही दोनदा चौकशी केली. कंपन्या पुष्कळ, आणि गर्दीतल्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. तेव्हा काकूंकडे त्या कार्डातली एवढी एकच वाट राहिली. पडद्यावर दिसला तर ओळखायचा. त्या म्हणायच्या, "घाव कसा भरला त्ये मी बघितलंच न्हाय. पन भुवईला केस यायचं न्हाईत तिथं. येवढं मला ठावं हाय."

आमच्याकडे तंबू दर वर्षी यायचा, थंडीत. चार दिवस राहायचा, मग म्हसळा, मग माणगाव. शेताच्या मधोमध मोठा पांढरा पडदा ताणायचे. पुरुष पडद्याच्या पुढच्या बाजूला यंत्राकडे बसायचे आणि बायका मागच्या बाजूला. पलीकडूनही चित्र दिसावं म्हणून खेळ सुरू होण्याआधी एक माणूस विहिरीच्या पाण्याने पडदा भिजवायचा. ओल्या कापडातून चित्र आमच्या बाजूला उतरायचं. वारा आला की राजवाडा हलायचा आणि आमच्या अंगावर शिंतोडे यायचे. बायकांनी पुरुषांत बसायचं नाही, म्हणून ही सोय. आळीतल्या कुठल्याच बाईने सिनेमा दुसऱ्या बाजूने पाहिला नव्हता.

आमच्याकडे मुकेच पट यायचे. मधे मधे पडद्यावर अक्षरं यायची आणि मागून ती उलटी दिसायची. पहिल्या वर्षी मला एक शब्द लागला नाही. दुसऱ्या वर्षी मी घरी वहीवर ओली शाई उमटवून उलटी अक्षरं वाचायची सवय केली. मग खेळाला मी काकूंच्या शेजारी बसायची. अक्षरं आली की हळूच त्यांच्या कानात वाचायची आणि काकू ती सगळ्या बायकांना ओरडून सांगायच्या. माझा आवाज तिसऱ्या बाईपर्यंत पोचला नसता. काकू मात्र वर पदरचंही घालायच्या. मी वाचायची, "नाथ, मला सोडून जाऊ नका." काकू ओरडायच्या, "ती म्हनती, जाऊ नका. आन तो मेला जानार बघा आता, तोंडावरच दिसतंय." बायका हसायच्या. गर्दी आली की मात्र काकू गप्प व्हायच्या आणि माझं मनगट घट्ट धरायच्या. अंगठा रुतायचा. गर्दी गेली की मनगट सुटायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पडद्यावरच्या बायकांचा पदर नेहमी उजव्या खांद्यावर असायचा. सासूबाई म्हणायच्या, मुंबईच्या कंपनीतल्या बायकांना रीतभात नाही. राजे डाव्या हातात तलवार धरायचे. ऋषी डाव्या हाताने आशीर्वाद द्यायचे. जेवायला बसलेले डाव्या हाताने जेवायचे, तेव्हा आमच्यातल्या म्हाताऱ्या शी शी करायच्या. पुढच्या आळीतल्या दोघी पोरींनी हौसेने पदर तसा घेऊन बघितला आणि मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुपारी सोलताना या सगळ्यावर चर्चा व्हायची. सिनेमातली माणसं डावरी असतात, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. अक्षरं उलटी दिसतात हे मला ठाऊक होतं. पण अक्षरं म्हणजे लिहिलेली वस्तू. माणसंही उलटी होतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं मी तिथे बसून वाचत होते आणि आलं नाही.

त्या वर्षी गडाच्या वेढ्याचा एक पट आला. मुंबईत बोलपट सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्याकडे जुनाच मुका माल यायचा. गर्दी भरपूर होती म्हणून काकू खुशीत होत्या. वेढा संपत आल्यावर तहानलेले शिपाई एका घागरीभोवती जमतात असा प्रसंग होता. त्यातला एकजण ओंजळीने पाणी पितो, तोंड वर करतो आणि हसतो. चित्र जवळून घेतलं होतं. चेहरा पडदाभर झाला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, आणि भुवई मधोमध तुटलेली.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगो बाय, दत्तू!" मग दुसरी, मग तिसरी. ज्यांनी त्याला लहानपणापासून बघितलं होतं त्या सगळ्या म्हणू लागल्या. काकू उठल्या आणि पडद्यापाशी गेल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. चेहरा तोवर निघून गेला होता, शिपाई पुन्हा लहान होऊन तटावर चढत होते. काकू परत येऊन बसल्या.

"उजवीकडं हाय," त्या म्हणाल्या.

बायकांनी गलका केला. सारखाच आहे, हसणं तेच, कानही तेच. काकू ऐकेनात. "मी मारलंय त्याला. ह्या हातानं मारलंय. माझ्या उजव्या हातानं म्होरल्याच्या डावीकडंच लागतं. मला सांगता व्हय? ह्याचा घाव उजवीकडं हाय. न्हाय. ह्यो माझा न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या आणि तिसऱ्याही. दोन्ही वेळा घागरीचा प्रसंग आला की माझं मनगट धरलं आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, न्हाय. आवाज मात्र दर वेळी बारीक होत गेला. तिसऱ्या दिवशी त्याने हसून तोंड वळवलं तेव्हा त्या रडत होत्या. मला म्हणाल्या, "कुनाचा हाय कुनास ठावं. पन पोरगा चांगला हाय." चौथ्या दिवशी त्यांनी आळीत फिरून सगळ्यांना सांगितलं, ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा बघाच. असा दुसरा सिनेमा नाही. त्यांनी इतक्या जोराने कुठल्याच सिनेमाची शिफारस केली नव्हती.

तंबू म्हसळ्याला गेला. त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे पुरुष जेवायला बसले होते. एरवी पुरुषांच्या आणि बायकांच्या सिनेमाच्या गप्पा एकत्र होत नसत. त्यांच्या ओटीवर, आमच्या मागील दारी. पण त्या दिवशी सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, पट चांगला होता, तेवढा तो किल्लेदार डाव्या हाताने जेवतो ते बरं दिसत नाही.

हे हसले. म्हणाले, डाव्या कुठे? उजव्यानेच जेवत होता.

सासूबाई म्हणाल्या, मी काय आंधळी आहे? बायकांचे पदरसुद्धा उजव्या खांद्यावर होते.

"अगं आई, तुम्ही पलीकडून बघता," हे म्हणाले. "पलीकडून सगळं उलटंच दिसणार. पदर डाव्याच खांद्यावर होते सगळ्यांचे." आणि त्यांनी ताक मागितलं.

मी ताक वाढलं. निम्मं पानाबाहेर सांडलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे जायला निघाले आणि कुंपणापासून परत आले. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडेच सुपारी सोलायला होत्या, पण आजूबाजूला पाच-सहाजणी होत्या. तिसऱ्या दिवशी एकट्या भेटल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. पण ती लाज नव्हती. मला भीती वाटत होती. उलट्या अक्षरांची सवय मी केली होती, त्यांच्या शेजारी मी बसत होते. त्यांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं नाही, तर मी काय सांगणार होते? तंबू म्हसळ्याला चार दिवस होता. सकाळी निघालं तर उन्हं कलायच्या आत पोचता येतं. तेच चार दिवस मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी सांगितलं. तेही नीट सांगता आलं नाही. आमच्या मागील दारी दोरीवर यांचा पातळ पंचा ओला वाळत होता. त्यावर मी कोळशाने एक तोंड काढलं, दोन डोळे, नाक, आणि डाव्या भुवईवर हळदीचं बोट लावलं. काकूंना म्हटलं, इकडून बघा. मग म्हटलं, आता पलीकडे जाऊन बघा.

त्या पलीकडे गेल्या. पुन्हा इकडे आल्या. पुन्हा गेल्या. पाच-सहा वेळा त्यांनी त्या पंच्याला फेरी घातली. मग तिथेच खाली बसल्या.

"म्हंजी तो व्हता," त्या म्हणाल्या. "त्यानं लिवलं व्हतं, दिसलो तर वळख. आन मी न्हाय म्हटलं. तीन दिस त्याच्या तोंडावर न्हाय म्हटलं."

मी पंच्यावरची हळद पुसू लागले.

"तुला कवाधरनं ठावं हाय?"

"चार दिवस झाले, काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तंबू कुठं आसल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, माणगावला पोचला असेल. त्या तशाच उठल्या. हात सुपारीच्या रसाने भरलेले, घराला कडी घातलेली नाही, पायात काही नाही. मी माझ्या माहेरचा पत्ता सांगत मागे धावले, पण त्या पाणंदीच्या वळणावर गेल्या होत्या.

नऊ दिवसांनी परत आल्या. पाय सुजले होते. काय झालं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बाकी कुणाला नाही. माणगावला तंबू मिळाला. पण गडाच्या वेढ्याची रिळं त्या पोचल्या त्याच सकाळच्या मोटारीने मुंबईला परत गेली होती आणि दुसरा पट आला होता. म्हणजे मी एक दिवस आधी बोलले असते तरी चाललं असतं. हे त्या बोलल्या नाहीत. मीच मनात धरलं.

तंबूचा मालक माणूस चांगला होता. त्याने काकूंना चहा दिला, बसवलं. त्याने सांगितलं की तो पट पाच वर्षांपूर्वीचा आहे. बोलपट आल्यावर ती कंपनी बंद पडली. गर्दीतली माणसं कुठे पांगली कुणाला ठाऊक? काही गिरणीत गेली, काही गावी, काही कुठे. त्या पोराचं पुढे काय झालं ते कुणीच सांगू शकणार नाही. काकूंनी त्याला विचारलं, तो हसला तेव्हा पाच वर्षांपूर्वी हसला व्हय? तो हो म्हणाला.

मग त्यांनी त्याच्याकडे एक मागणं केलं, की एकदा पुढच्या बाजूने बघू दे. त्याने पुरुषांच्या मागे एका खोक्यावर बसवलं. "पदर बरोबर हायेत गो तिकडं," काकू मला सांगत होत्या. "समदं बरोबर हाय. आपुनच उलट्या बाजूला बसलो व्हतो."

त्यानंतर त्यांनी आगबोटीच्या उतारूंना अडवणं सोडून दिलं. लोक आपणहून सांगायला यायचे, काकू, बाजारात तीस माणसं होती. त्या मान हलवायच्या. चांगला-वाईट म्हणायच्या नाहीत. कुणी विचारलं कुठला बघू, तर म्हणायच्या, कंचाबी बघ. सुपारी सोलताना खाली बघू लागल्या. आणि आणखी एक झालं. त्या दिवसापासून 'न्हाय' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. कुणी येऊन म्हणालं, माझ्या पुतण्याने दत्तूला गोदीत पाहिला म्हणे, तर व्हय. दुसऱ्याने सांगितलं, तो एका नाटकमंडळीबरोबर फिरतो, तर तेही व्हय. एकाने दारू पिऊन येऊन सांगितलं की तो प्लेगात गेला. काकूंनी त्यालाही व्हय म्हटलं आणि पेज वाढली.

पुढच्या थंडीत तंबू आला तो बोलपट घेऊन. आमच्या गावात पहिलाच. पडद्याच्या बाजूला एक मोठा कर्णा बसवला होता. अक्षरं आता येणार नव्हती, त्यामुळे माझं काही काम नव्हतं. त्या पावसाळ्यात झालेली माझी मुलगी मांडीवर होती. मी मागे बायकांत बसले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. भागीकाकू पुढच्या बाजूला गेल्या होत्या. पुरुषांत जाऊन बसलेली गावातली ती पहिली बाई. कुणी त्यांना उठवलं नाही.

तंबू गेला त्या दिवशी सकाळी काकूही गाड्यांबरोबर गेल्या. सासऱ्यांनी पाहिलं. मालकाने त्यांना स्वयंपाकाला ठेवून घेतलं असं मागाहून कळलं. पुढल्या वर्षी दुसराच तंबू आला. काकूंचं जाणं मी बघितलं नाही, मी तेव्हा चुलीपाशी होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशीच्या खेळात, पडद्याच्या मागून.

खेळ निम्मा झाला होता. एक मोठा बाजार आला. कर्ण्यातून पन्नास-साठ माणसांचा एकदम आवाज येऊ लागला. फळवाले, हमाल, पाणी विकणारे. सुमतीने सांगितलं होतं तसं एकाचंही बोलणं वेगळं ऐकू येत नव्हतं. मी सवयीने एकेकाच्या भुवया बघत होते. कुणाचीच तुटलेली नव्हती.

इतक्यात पडद्यावर खालून एक सावली उठली. पदर घेतलेलं डोकं, मग खांदे. पलीकडच्या बाजूला कुणीतरी यंत्राच्या उजेडात उभं राहिलं होतं. पुरुष ओरडले, खाली बसा. मग कुणीतरी ओरडणाऱ्यांना गप्प केलं असावं, कारण आवाज थांबला. नुसता कर्ण्यातला बाजार चालू राहिला. सावली चालत चालत पडद्याजवळ आली तशी लहान होत गेली, आणि पडद्याला लागली तेव्हा बाजारातल्या माणसांएवढीच झाली.

"व्हय रं," काकूंचा आवाज आला. "व्हय. वळखलं."

मला दिसत होतं की तो नव्हता. त्या बाजारात दत्तू कुठेच नव्हता. त्या पलीकडे मला ऐकू येतील इतक्या जवळ होत्या, मधे फक्त ओलं कापड होतं. मी सांगितलं नाही.

सावलीने हात वर केला आणि त्या गर्दीतल्या एकेकाच्या तोंडावरून फिरवला. फळवाल्याच्या, हमालाच्या, पाणी विकणाऱ्याच्या. हात आला की तोंड काळं व्हायचं, हात पुढे गेला की पुन्हा दिसायचं. एकालाही त्यांनी वगळलं नाही.